ब्रेकिंग बॅड : वॉल्टरनं बाहेर काही केलं नाही म्हणणाऱ्यांसाठी

सिरीज जुनी आहे, २००८ ला सुरू झाली, २०१३ ला संपली, पाच सीझन, ६२ भाग, नेटफ्लिक्सवर आहे, आणि हिच्यावर लिहायचं ते सगळं लिहून झालंय असंच मला वाटत होतं. पण बेळगावात ज्यांच्या ज्यांच्याशी विषय निघाला, टिळकवाडीतल्या मैत्रिणी असोत की खानापूरचे भावजी, बहुतेकांचं म्हणणं एकच, वॉल्टर लय भारी आणि ती बायको म्हणजे डोक्याला ताप. आणि मग एक वाक्य हमखास येतं, "काय पण असू दे की, त्यानं बाहेर लफडं तर केलं नाही, तिनं केलं." हे ऐकून ऐकून राहवेना म्हणून लिहायला बसले. पुढं सगळी गोष्ट सांगणार आहे, बघायची राहिली असेल तर आधी बघून या.

वॉल्टर व्हाइट हा अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहरातला केमिस्ट्रीचा मास्तर. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर कार वॉशमध्ये काम करतो, मोठ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, बायको स्कायलरला दिवस गेलेले, आणि पन्नाशी लागायला आणि फुप्फुसाचा कॅन्सर कळायला एकच गाठ पडते. मग जुन्या विद्यार्थ्याला, जेसीला, हाताशी धरून हा मेथ नावाचं ड्रग बनवायला लागतो, आपल्यामागं घरच्यांना चार पैसे राहावेत म्हणून. साडू हँक नेमका ड्रगवाल्यांना पकडणाऱ्या खात्यात. एवढं सगळ्यांना माहीत असतंय.

पण पहिल्याच सीझनमध्ये एक गोष्ट होते ती लोक सोडून देतात. ग्रेचन आणि एलियट हे त्याचे जुने पार्टनर, आता गडगंज झालेले, ते म्हणतात उपचाराचा सगळा खर्च आम्ही करतो. हा नको म्हणतो. ठीक आहे, मानी माणूस असेल, पण घरी बायकोला काय सांगतो तर पैसे घेतले म्हणून. म्हणजे ती बिचारी समजून बसली की ट्रीटमेंट मित्रांच्या उपकारावर चाललीय, ती त्या ग्रेचनचे मनापासून आभार मानते, आणि ग्रेचनला पत्ताच नाही कशाचे आभार. आणि ग्रेचन म्हणजे वॉल्टरचं जुनं प्रेम बरं का. तिच्याशी आता त्याचं तसलं काही नाही, खरं आहे, पण तिच्या नावावर तो बायकोशी रोज खोटं बोलतोय. घरच्यांसाठी ड्रग बनवलं हे कारण तर तिथंच संपतं, कारण पैसे समोर चालून आले होते, त्यानं घेतले नाहीत. मला तरी हा सिरीजमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो, गोळीबार स्फोट सगळं नंतर.

दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागातला फोनचा सीन तर कुणीही बघून शिकावा असा लिहिलाय. ऑपरेशनच्या आधी औषधाची गुंगी चढायला लागलेली, स्कायलर सहज विचारते मोबाईल घेतलास का, आणि हा बोलून जातो, "कुठला?" बस. दुसऱ्या मोबाईलबद्दल आधी किती वेळा विचारून झालेलं असतंय आणि हा नाहीच म्हणत आलेला. ती तिथं आरडाओरडा करत नाही. तो बरा होईपर्यंत थांबते, सेवा करते, आणि तोवर एकेक धागा ओढत जाते, ग्रेचनला विचारलं तर पैसे दिलेच नव्हते, सासूला विचारलं तर पोराला कॅन्सर झालाय हेच तिला माहीत नाही. मग त्याच्यासमोर उभी राहून सगळं सांगते आणि घर सोड म्हणते. स्कायलर झालेली अ‍ॅना गन त्या सीनमध्ये जवळजवळ आवाज चढवतच नाही. मी तो सीन परत परत बघितलाय.

आता हे आपल्याकडं कळायला अवघड का जातंय ते पण सांगते. आमच्याकडं शहापूर वडगाव भागात बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवून धंद्याला पैसे उचलायचे आणि घरात तोंडातून शब्द काढायचा नाही, ही काही नवलाची गोष्ट नाही. माग बंद पडायला आला, सूत महागलं, कुणाचं तरी देणं, कारणं खरी असतात. मग कधीतरी लग्नकार्य निघतं, बाई कपाट उघडते, डबा रिकामा. एका ओळखीच्या वैनींच्या घरात हेच झालं, त्या मला म्हणाल्या, "सोन्याचं काय घेऊन बसलीस, सोनं परत येतंय, पण मी एवढी वर्षं कुणाच्या घरात राहत होतो तेच कळंना मला." सगळे नातेवाईक येऊन त्यांनाच समजावत होते, घरासाठीच केलं की त्यानं, दारू नाही, बाई नाही, देवमाणूस आहे. वैनींना आतून काय होतंय ते कुणी विचारलं नाही. स्कायलर बघताना मला सारख्या त्या वैनी आठवत होत्या, अल्बुकर्की कुठं आणि वडगाव कुठं, पण बाईला खोटं पाडायची पद्धत तीच.

तिसऱ्या सीझनमध्ये ती त्याला बाहेर काढते तर हा जबरदस्ती परत घरात घुसतो. ती पोलिसांना बोलावते, पण तो ड्रग बनवतोय हे तिला सांगता येत नाही, कारण सांगितलं तर पोराचा बाप जेलात जाणार आणि पोराला आयुष्यभर तेच घेऊन जगावं लागणार. पोलीस म्हणतात आम्ही काही करू शकत नाही. पोरगा आईवरच चिडलेला, त्याला वाटतंय बापावर अन्याय चाललाय. म्हणजे नवऱ्याचं गुपित पोटात ठेवून वर वाईटपणा पण तिनंच घ्यायचा. वॉल्टर आनंदात, जेवणाची तयारी करतोय, पैशाची बॅग दाखवून झालेली. तेव्हा ती बाहेरून येते आणि त्याच्या कानापाशी सांगते की मी टेडबरोबर झोपले. टेड बेनेकी म्हणजे तिच्या ऑफिसचा मालक.

ते चूक की बरोबर, यावर आमच्याकडं जेवढी भांडणं झाली तेवढी कशावर नसतील. माझं मत सांगते. ते प्रेम नव्हतंच. टेडवर तिचं प्रेम आहे असं मला एका पण सीनमध्ये दिसलं नाही. त्याच्या घरी बाथरूमची फरशी खालून गरम केलेली असते, तिथं ती जरा निवांत असते, त्या माणसापेक्षा तिला त्या घरातली शांतता जास्त हवी होती असं मला वाटतं. टेडचा वापर तिनं केला, तो तिच्या बाजूनं वाईटच, टेडला नंतर त्याचं लय महाग पडतं आणि ते तिच्याही मनाला लागून राहतं. पण ती नवऱ्याला त्याच दिवशी तोंडावर सांगते, हे बघा. तिच्या त्या करण्याचा हेतूच सांगणं हा होता. वॉल्टरनं सांगितलं कधी, तर पकडला गेल्यावर, आणि ते पण अर्धंच. जेसीची मैत्रीण जेन डोळ्यासमोर गुदमरून मरत असताना हा हात बांधून उभा राहिला, ते तर बायकोला कधीच कळत नाही. एकाच अंथरुणात त्या मरणाशेजारी ती झोपत होती.

वॉल्टर अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही, त्या टेडच्या प्रकरणानंतर शाळेच्या प्रिन्सिपल बाईच्या अंगचटीला जायला बघतो आणि सुट्टीवर पाठवला जातो, पण ते लोकांच्या लक्षात पण राहत नाही. स्कायलरचं मात्र पाठ.

आणि हे फक्त आपल्याकडं नाही हां. तिकडं तर स्कायलरचा एवढा द्वेष झाला की अ‍ॅना गननं ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतः लेख लिहिला. पात्रावरचा राग तिच्या अंगावर आला, ऑनलाइन लोक तिच्या जिवावर उठल्यासारखं लिहायला लागले. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी तिला एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं, चांगलं झालं, पण बघणाऱ्याचं मन काय एमीनं बदलत नाही.

इथं सिरीजची पण चूक आहे, ती मी झाकणार नाही. पहिल्या सीझनमध्ये स्कायलरला फक्त अडवायला, कटकट करायला ठेवलंय. सगळी मजा, सगळी हुशारी वॉल्टरच्या बाजूला, कॅमेरा त्याच्या खांद्यावर, मग बघणारा आपसूक त्याच्या बाजूला जाणार की. सिरीज बनवणाऱ्या विन्स गिलिगननं मुद्दाम साध्या मास्तराला गुंड करत नेलंय, आणि आपण नेमके कुठं थांबायला पाहिजे होतं हे ज्याला त्याला वेगवेगळ्या ठिकाणी कळतं, ही या सिरीजची ताकद. पण त्यासाठी घरातली बाई आधीपासून माणूस म्हणून लिहायला पाहिजे होती, ते दुसऱ्या सीझननंतर झालं. तिची बहीण मरी आधी दुकानातून वस्तू उचलणारी दाखवलीय, ते धड पुढंही नेलं नाही.

तरी मरी आणि हँकचा संसार जरूर लक्ष देऊन बघा. हँकला गोळ्या लागून तो अंथरुणाला खिळतो, दगडं, खनिजं गोळा करत बसतो, मरीला घालूनपाडून बोलतो, आणि ती सगळं करत राहते, कधी खोलीबाहेर येऊन रडते. देखणं असं काही नाही त्यात. पण वॉल्टरसारखं दुहेरी आयुष्य त्या दोघांत नाही, आणि हँकला सगळं कळल्यावर शेवटी ती दोघं एकाच बाजूला उभी राहतात.

तुलनेला द सोप्रानोज घ्या, १९९९ ते २००७, असले वाईट नायक टीव्हीवर मोठे झाले ते तिथूनच. टोनी सोप्रानो हा माफियाचा म्होरक्या, उघड बायका ठेवतो, बायको कार्मेलाला माहीत असतंय, घर दागिने गाडी यावर ती वर्षानुवर्षं डोळे मिटून घेते. चौथ्या सीझनच्या शेवटी त्याच्या जुन्या मैत्रिणीचा घरी फोन येतो तेव्हा ती त्याला बाहेर काढते. पण टोनी पैसा कुठून आणतो हे कार्मेलानं लग्न करतानाच ओळखलेलं. स्कायलरला तेवढीसुद्धा निवड मिळाली नाही. टोनीनं शरीरानं शंभर वेळा फसवलं असेल, तरी वॉल्टरची फसवणूक मला जास्त खोल वाटते, त्यानं बायकोचं आणि पोरांचं नाव पुढं करून सगळं केलं. हे वाचून काही जण चिडतील, चिडू देत.

चौथ्या सीझनपासून स्कायलर पण यात उतरते, तोच कार वॉश विकत घेऊन काळा पैसा पांढरा करते, टेडला इन्कम टॅक्सातून सोडवायला वॉल्टरच्या पैशातून सहा लाख डॉलरच्या वर देऊन टाकते. म्हणजे तिला मी देवी म्हणत नाही. पाचव्या सीझनमध्ये ती सगळ्यांसमोर कपड्यानिशी स्विमिंग पूलमध्ये उतरते, आणि मग बंद खोलीत वॉल्टरला सांगते की मी वाट बघतोय ती तुझा कॅन्सर परत यायची. ज्या माणसाच्या उपचारासाठी तिनं जीव टाकला होता त्याला ती हे सांगते. पहिल्या सीझनमध्ये सगळं घर बसवून, आळीपाळीनं बोलायला लावून तिनं त्याला उपचाराला तयार केलं होतं, तो भाग काढून याच्या शेजारी ठेवून बघा.

आणि मग ओझिमँडियास, पाचव्या सीझनचा चौदावा भाग. तान्ह्या पोरीला उचलून पळून गेलेला वॉल्टर घरी फोन करतो, पोलीस ऐकतायत हे त्याला कळलेलं असतंय, आणि तो स्कायलरला वाट्टेल तसं बोलतो, तुला काही माहीत नव्हतं, तू नालायक, मी सगळं एकट्यानं केलं. खरं म्हणजे तो तिला सोडवतोय, गुन्हा एकट्याच्या डोक्यावर घेतोय, आणि बोलता बोलता रडतोय. बऱ्याच लोकांनी त्या शिव्यांवर टाळ्या वाजवल्या, आमच्या घरात पण एक जण म्हणाला बरं झालं, चांगली सुनावली. मला त्या फोनवर रडू आलं. पाच सीझनमध्ये तो तिच्याशी शेकडो वेळा खोटं बोलला, हे एकच खोटं तिच्यासाठी होतं. पण त्यातल्या शिव्या सगळ्या खोट्या नव्हत्या, त्यातला राग खरा होता, वॉल्टर झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टननं दोन्ही एका आवाजात आणलंय, ते कसं केलं त्याला माहीत.

शेवटच्या भागात तो चोरून तिच्या छोट्या भाड्याच्या घरात येतो. ती म्हणते, घरच्यांसाठी केलं हे मला आता परत ऐकवू नको. आणि तो पहिल्यांदा कबूल करतो की मी माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं. मग ती त्याला पोरीला बघू देते. आमचे भावजी म्हणतात एवढ्या उशिरा कबूल करून काय उपयोग. उपयोग आहे ओ. तिला वेड्यात काढलं नव्हतं, तिला दिसत होतं तेच खरं होतं, हे ऐकायला ती एवढी वर्षं थांबली होती. गळ्यात पडणं नाही, माफी नाही, तरी लग्नातलं खरं बोलणं म्हणाल तर ते त्या स्वयंपाकघरात झालं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण पहिल्या सीझनमधल्या स्कायलरसाठी कापला. पहिला सीझन सातच भागांचा आहे, जरा सावकाश जातो, सोडू नका. लहान पोरांसमोर लावू नका, मारामारी आणि भाषा दोन्ही जड आहे. इंग्रजी सबटायटल लावूनच बघा, जेसी काय बोलतो ते नुसतं ऐकून अर्धं कळत नाही. मी सासूबाईंना मध्ये थांबवून थांबवून मराठीत सांगत बघितली, वेळ लागला पण त्यांना फोनचा सीन माझ्याआधी कळला, "दुसरा फोन आहे बघ त्याच्याकडं" म्हणाल्या. नवराबायकोनं मिळून बघत असाल तर तिसऱ्या सीझनच्या त्या टेडच्या भागानंतर लगेच पुढचा लावू नका, आधी बोलून घ्या. कुणाला स्कायलरचा अजून राग येत असेल तर खाली लिहा, मी उत्तर देणार.