चौघंही पक्के, माईक तेवढा नको होता

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून तारेला झणकार आणण्यात, माझी पंचवीस वर्षं गेली. कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की वादकाआधी माझी नजर घोडीवर जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर असं फिरून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा चौघांचा एक गट आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठा), एक चेलो (त्याहून मोठा, खर्जाचा). गेल्या रविवारी ते सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवून गेले. तिकीट दोनशे. भाच्यानं ओढून नेलं, नाहीतर मी कशाला जातोय.

सहाचा कार्यक्रम सत्कार-नारळ उरकून पावणेसातला सुरू झाला. पहिली रचना हायडन या संगीतकाराची, १७९७ ची. तिच्या दुसऱ्या भागातली चाल म्हणजे आजचं जर्मनीचं राष्ट्रगीत. ही चाल आधी पहिल्या व्हायोलिनकडं, मग दुसऱ्याकडं, मग चेलो, मग व्हिओला, शेवटी परत पहिल्याकडं. चाल हलत नाही, भोवतालचं वाजणं तेवढं बदलतं. भाच्याला म्हटलं, तबला सोलोला लेहरा धरतात ना, तीच चाल परत परत, तसं समज. गडी सरसावून बसला.

पण साऊंडवाल्यानं चौघांपुढं चार माईक ठोकले होते आणि वर बास चढवलेला. चेलोचा खर्ज ऐकायला गेलो, ऐकली वरात. दीडशे माणसांच्या हॉलला माईक लागतोच कशाला? लाकूड आपलं आपण बोलतं.

मध्यंतरात चेलोवाल्या मुलीनं वाद्य जवळून बघू दिलं. वर स्प्रूसचं लाकूड, मागं मेपलचं. घोडी पातळ आणि कमानदार, म्हणजे गज एकेका तारेवर वेगळा चालवता येतो. आमची तंबोऱ्याची घोडी रुंद, तिच्यावर तार घासत राहिली तरच झणकार येतो. चेलोच्या पोटात एक बारकी काठी उभी असते, वरच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत. तिला फ्रेंच लोक ‘आत्मा’ म्हणतात, असं ती म्हणाली. आम्ही घोडीवर तारेखाली सारतो त्या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात, हे सांगितल्यावर पोरगी चहा विसरली.

उत्तरार्धात मी जागा बदलून स्पीकरच्या मागं, स्टेजला लागून बसलो. तिथं खरं ऐकू आलं. संगीतकार द्वोर्झाकची १८९३ ची रचना, अमेरिकेत मुक्कामाला असताना केलेली. सुरुवातीची चाल व्हिओला उचलतो आणि ती सगळी पाच सुरांत. शेजारचे आजोबा पुटपुटले, “भूप की हो!” दुसरा भाग संथ, तिथं चेलो जे रडला ते माईकवाल्यांच्या नशिबी नव्हतं. एक भाग संपला की लोक मधेच टाळ्या वाजवत होते. त्यांच्यात तसं चालत नाही म्हणे, पण चौघंही हसून थांबत होते.

वादनाला पाचपैकी साडेचार, आयोजनाला दोन. पुढच्या खेपेला माईक बंद ठेवणार असाल तर तिकीट पाचशे लावा, देतो.

निघताना त्या मुलीनं दुकानाचा पत्ता लिहून घेतला. सोमवारी बंद असतं, एवढं सांगायचं राहिलं.