ओपनडीएसएसचं समांतर गणन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने झाले, वितरण फीडरची (उपकेंद्रातून ग्राहकांपर्यंत वीज नेणाऱ्या वाहिनीची) वर्षभराची सिम्युलेशन मी ओपनडीएसएस या वीज वितरणाच्या सॉफ्टवेअरच्या समांतर पद्धतीने, म्हणजे एकाच वेळी अनेक कोअरवर, चालवतोय. आधी एकच कोअर राबायचा, बाकीचे सात रिकामे. सेकंदासेकंदाने वर्ष चालवायचं म्हणजे लोड फ्लो (कुठे किती व्होल्टेज, किती प्रवाह याचं गणित) ३,१५,३६,००० वेळा सोडवायचा. रात्री लावलेलं काम दुसऱ्या दिवशीही संपत नसे.

समांतर पद्धतीत प्रत्येक अ‍ॅक्टरला (स्वतंत्रपणे गणन चालवणाऱ्या घटकाला) स्वतःचं सर्किट आणि स्वतःचा थ्रेड मिळतो. छतावरच्या सौर पॅनेलचं प्रमाण बदलून निरनिराळ्या शक्यता तपासायच्या असतील, तर याला तोड नाही. एका शक्यतेचा दुसरीशी संबंधच नसतो. मला आठ कोअरवर साधारण सहापट वेग मिळाला. मेमरी आणि डिस्क सगळ्यांत एकच, म्हणून आठपट नाही. नको ते मॉनिटर (सर्किटमधल्या नोंदी ठेवणारे घटक) काढल्यावर बराच फरक पडला.

खरी कसोटी लागली ती एकच वर्ष कापून वाटताना. ८७६० तासांचे मी आठ सारखे तुकडे केले, प्रत्येकी १०९५ तासांचा. तिसरा सांधा आला रात्री नऊला, ऐन भाराच्या वेळी. सलग चालवलेल्या गणनेत तिथे रेग्युलेटरचा (व्होल्टेज पायरीपायरीने वर-खाली करणाऱ्या उपकरणाचा) टॅप, म्हणजे पायरी, +७ वर होता. माझा चौथा तुकडा मात्र शून्यावरून सुरू झाला. एका टॅपला ०.६२५ टक्के, म्हणजे व्होल्टेज जवळपास ४.४ टक्क्यांनी खाली. ते लगेच सावरलं, पण टॅप बदलांच्या मोजणीत सात खोटे बदल घुसले. रेग्युलेटरची झीज त्याच आकड्यावरून काढायची असते! दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तेव्हा कुठे तो बारीकसा खड्डा दिसला.

आता पहिला सोडून प्रत्येक तुकडा एक दिवस आधीपासून चालवतो आणि तो दिवस निकालातून वगळतो. रेग्युलेटर, कपॅसिटर यांना एवढं पुरतं. बॅटरीला पुरेलच असं नाही. त्या दिवसात ती एकदाही पूर्ण भरली किंवा रिकामी झाली नाही, तर चुकीचा चार्ज पुढे वाहत जातो. म्हणून बॅटरी असलेल्या फीडरचं वर्ष मी कापतच नाही. एका कोअरवर एक शक्यता, सलग.

सर्किटच तोडून वाटण्याची ए-डायकॉप्टिक्सची सोयही आहे. हजारो नोडच्या (जोडबिंदूंच्या) फीडरवर ती वापरावी. माझ्या छोट्या फीडरवर वेळ उलट वाढला, कारण भागांचा ताळमेळ प्रत्येक पावलाला घालावा लागतो.

नवीन फीडर हाती आला की वर्षातले पहिले दोन आठवडे मी आधी सलग चालवतो, मग मधोमध कापून, आणि टॅप बदलांची मोजणी जुळवतो. एकाचाही फरक आला, तर वगळायचे दिवस वाढवतो.