फुलपाखरं दाखवायची तर कुठे: बंद दालन, उघडी बाग की आपली टेकडी?

माझी ताई दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूला चालली आहे. परवा फोनवर म्हणाली, "बन्नेरघट्ट्याला फुलपाखरांचं उद्यान आहे म्हणे. लेकीला नेऊ, की तेही एक प्राणिसंग्रहालयच?" तिला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, कारण 'फुलपाखरू उद्यान' या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे बंद दालन. वर पारदर्शक छत किंवा जाळी, आत उबदार दमट हवा, फुलझाडं आणि त्यांवर सोडलेली फुलपाखरं. बन्नेरघट्ट्याचं उद्यान २००६ साली सुरू झालं, साडेसात एकरांचं आहे आणि त्यात असं घुमटाचं दालन आहे. दुसरी म्हणजे उघडी बाग. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, तिथे छतच नाही. फुलपाखरांना लागणारी झाडं लावली आहेत, ती आपणहून येतात आणि हवं तेव्हा उडून जातात.

नुसतं दिसण्याचं बघाल तर बंद दालनच सरस. आभाळ भरून आलेलं असलं तरी हाताच्या अंतरावर फुलपाखरू दिसतं, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही बाकावर बसून बघता येतं. उघड्या बागेत ऊन नसेल तर तासभर थांबून दोन-चार दिसतील. पुण्याहून ओवळ्याला जायचं तर पहाटे निघायला हवं आणि बाग त्या दिवशी उघडी आहे का, हे आधी फोन करून विचारायला हवं.

आता खरा प्रश्न. "दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य, त्या किड्याला काय कळतंय बंदिवास?" असं अनेक जण म्हणतात. मला हे पटत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात एक प्रयोग झाला. तंबाखूची पानं खाणाऱ्या एका पतंगाच्या मोठ्या झालेल्या सुरवंटांना एका ठरावीक वासासोबत विजेचा सौम्य झटका दिला. पुढे कोषातून पतंग बाहेर आले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी तो वास टाळला. कोषात सगळं शरीर नव्याने घडतं, तरी आठवण उरली होती. कीटकांना वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण एवढं कळल्यावर फुलपाखराला शोभेची वस्तू मानायला माझं मन धजत नाही.

शिवाय तो वाद मिटायची वाट न बघताही दालन पारखता येतं. फुलपाखराची मादी फक्त मध पिऊन दिवस काढत नाही. ती पानापानावर उतरते, पायांनी चव घेते आणि योग्य झाड सापडलं तरच अंडं घालते. लाइम बटरफ्लायला लिंबू किंवा कढीपत्ता लागतो, प्लेन टायगरला रुई, टॉनी कॉस्टरला कृष्णकमळ आणि जेझेबेलला बांडगूळ. दालनात नुसती पेंटास आणि घाणेरी फुललेली असतील, तर तिला मध मिळेल, अंडं घालायला पान मिळणार नाही. मग तिथली फुलपाखरं मरत राहतात आणि बाहेरून कोष आणून जागा भरली जाते.

म्हणून मी फुलं बघतच नाही, कुरतडलेली पानं शोधते. पानांना भोकं पडलेली असतील, देठांवर सुरवंट असतील, तर तिथे फुलपाखराचं सगळं आयुष्य पार पडतंय.

परगावच्या एका दालनात मी हे शिकले. फुलं भरगच्च होती, पान एकही खाल्लेलं नव्हतं. उन्हाच्या बाजूच्या कोपऱ्यात सात-आठ फुलपाखरं काचेवर आपटत होती. उजेडाकडे झेपावणं हा त्यांचा स्वभावच. काचेच्या तळाशी पंख पडले होते, त्यांतला एक अजून हलत होता. बाजूला एक कर्मचारी नुकतंच कोषातून निघालेलं फुलपाखरू फोटोसाठी मुलांच्या बोटांवर ठेवत होता. त्या वेळी पंख ओले असतात, तास-दोन तास लटकून वाळावे लागतात. तेवढ्यात धक्का लागला तर ते चुरगळलेलेच राहतात, ते फुलपाखरू कधीच उडत नाही.

ताईला मी हेच लिहून पाठवलं. जा, पण तिकीट काढण्याआधी विचार: कोष कुठून येतात, सुरवंटांची झाडं आत आहेत का आणि हाताळू देतात का? पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर आणि तिसऱ्याला ठाम 'नाही' मिळालं, तर लेकीला खुशाल ने.

मला विचाराल तर पुणेकरांनी आधी टेकडी गाठावी. पाऊस ओसरल्यापासून नोव्हेंबरपर्यंत वेताळ टेकडी, तळजई किंवा पाषाण तलावाच्या कडेने सकाळी नऊ ते अकरा फिरा. रुईचं पान हळूच उलटा, खाली पांढरा-काळा-पिवळा पट्टेरी सुरवंट सापडतो. डबक्याकाठच्या ओल्या मातीवर नर क्षार शोषत बसलेले दिसतात. नशिबात असेल तर नीलवंत, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, डोक्यावरून जाईल. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे.

आणि टेकडीही जमत नसेल तर बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी ठेवा. माझ्या कुंडीत दर पावसाळ्यात अंडी येतात. सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा होतो. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. तो बरणीत भरायचा मोह मुलांना होतोच. माझ्या भाच्यालाही झाला, पण झाडावरच राहू द्यायचं असं आमचं ठरलं आहे. सध्या वरच्या फांदीवर दोन आहेत, म्हणून आमटीला पानं मी खालची तोडते.