मायक्रोएसडी कार्डावरचा एन्क्रिप्टेड बॅकअप: दिवाळीपासूनचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल आणि चादरींचा लहान कारखाना आहे. जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या नक्षीच्या फाइल, व्यापाऱ्यांचे दर, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि टॅलीचा डेटा असा सगळा ऐवज तेथील एकाच संगणकावर असतो. त्याची प्रत रोज संध्याकाळी घरी नेता यावी आणि ती वाटेत पडली तरी कोणाला उघडता येऊ नये, एवढीच माझी गरज होती. त्यासाठी गेल्या दिवाळीपासून मी ६४ जीबीची मायक्रोएसडी कार्डे आणि व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येऊ नये असा डेटा झाकण्याचे, मोफत सॉफ्टवेअर वापरत आहे. ट्रूक्रिप्ट या अशाच जुन्या सॉफ्टवेअरचे काम २०१४ मध्ये बंद पडले. त्याच्याच पायावर उभे राहिलेले हे सॉफ्टवेअर आहे.

कार्डावर ठरावीक आकाराची एक फाइल तयार करायची आणि पासवर्ड दिला की ती विंडोजमध्ये स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून दिसते, अशी ही पद्धत आहे. मी अशा दोन फाइल केल्या आहेत. एकीत हिशेब आहेत आणि दुसरीत नक्षी आहेत, कारण नक्षी बाहेर जाणे हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे आणि हिशेब पाहणाऱ्याला ती उघडता येण्याचे कारण नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा फॅट३२ या फाइल साठवण्याच्या जुन्या रचनेत (फॉरमॅटमध्ये) येतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून एक्सफॅट या नव्या रचनेत येणारे ६४ जीबीचे कार्ड सोयीचे पडते. मात्र व्हेराक्रिप्टच्या फाइलच्या आत मी एनटीएफएस ही विंडोजची रचना ठेवली आहे, कारण आमच्याकडे कॉपी चालू असताना वीज जाणे नवीन नाही आणि अशा वेळी एनटीएफएस लवकर सावरते.

आमच्या जुन्या संगणकावर पासवर्ड दिल्यानंतर ड्राइव्ह उघडायला काही सेकंद लागतात. पासवर्डापासून डेटा उघडणारी किल्ली तयार करताना हे सॉफ्टवेअर, एसएचए-५१२ ही गणिती पद्धत निवडली असल्यास, सेटिंग न बदलता त्याच गणिताच्या ५ लाख फेऱ्या करते. पासवर्डांचे अंदाज बांधत बसणाऱ्यालाही प्रत्येक अंदाजाला तेवढ्याच फेऱ्या कराव्या लागतात, त्यामुळे हा विलंब मला खटकत नाही. वीसपेक्षा अधिक अक्षरांचा पासवर्ड घ्यावा, ही सूचनाही मी पाळली आहे. तो विसरला तर काढून देणारे कोणी नाही, म्हणून कागदावर लिहून पाकिटात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे.

एक बारकावा मात्र ठळकपणे सांगायला हवा. आतल्या फाइल कितीही बदलल्या तरी व्हेराक्रिप्ट बाहेरच्या मोठ्या फाइलची तारीख आहे तशीच ठेवते, आणि तिचा आकारही ठरलेलाच असतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा कार्डावरून घरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेताना रोबोकॉपीसारखा, फक्त बदललेल्या फाइल कॉपी करणारा प्रोग्राम काहीच बदललेले नाही असे समजून ती फाइल सरळ वगळतो. व्हेराक्रिप्टच्या सेटिंगमध्ये तारीख जपण्याच्या पर्यायावर जी खूण असते ती काढली की हा प्रश्न मिटतो.

पासवर्ड बदलण्याविषयीही सावध राहावे. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून कार्ड नवे लिखाण वेगळ्या जागी करते, त्यामुळे जुन्या पासवर्डाने उघडणारा भाग कार्डात कोठेतरी शिल्लक राहू शकतो. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर नव्या कार्डावर नवी फाइल करणे हाच मार्ग मला पटतो.

कार्ड कोणत्याही कंपनीचे असो, एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने ते पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय मी वापरात घेत नाही. स्वस्तात मिळालेले एक कार्ड ६४ जीबी दाखवत होते, प्रत्यक्षात त्याच्या चौथाईनंतर लिहिलेले काहीच परत वाचता येत नव्हते. दुकानदाराने ते मुकाट्याने बदलून दिले. १५ बाय ११ मिलिमीटरची ही वस्तू कारखान्यातल्या सुताच्या कचऱ्यात पडली तर सापडणार नाही, म्हणून ती अडॅप्टरसह झाकणाच्या डबीतच फिरते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना मी ती डबी स्कूटरच्या डिकीत ठेवत नाही. कार्ड उष्णतेने लगेच बिघडत नाही, परंतु त्याच्या ज्या सूक्ष्म पेशींत विद्युतभाराच्या रूपात डेटा साठतो, त्यांतला भार उष्णतेत लवकर गळतो. याच कारणाने वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी कार्डाचा भरवसा मी धरत नाही; ती प्रत हार्ड डिस्कवरच असते.

खरी गैरसोय होते ती दुसऱ्याच्या संगणकावर. व्हेराक्रिप्ट इन्स्टॉल न करता चालवता येते, पण त्यासाठी विंडोजचे अ‍ॅडमिन अधिकार लागतात, आणि सीएंच्या कार्यालयात ते कोणी देत नाही. मोबाइलसाठी व्हेराक्रिप्टचे स्वतःचे अ‍ॅप नाही. त्यामुळे सीएंना द्यायचे कागद मी सेव्हन-झिप या फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइलींची नावेही झाकण्याच्या पर्यायावर खूण करून, वेगळे बांधतो आणि त्याचा पासवर्ड फोनवर सांगतो.