सरकारमान्य भांगेचं दुकान, जोधपूर – ५ पैकी ३ स्टार

जोधपूरच्या जुन्या शहरात घंटाघराकडून आत गेलं की गल्लीत हे दुकान आहे, नाव मुद्दाम देत नाहीये कारण तक्रारही लिहायचीये. राजस्थानात भांगेच्या दुकानांना एक्साइज खातं लायसन देतं, त्यामुळे बोर्डवर उघड 'सरकारी' असं लिहिलेलं असतं. शेजारी कचोरीवाला, समोर भांड्यांचं दुकान, आणि मध्ये हे. गिऱ्हाईक चोरासारखं येत नाही, पैसे देतं, ग्लास घेतं, बाकड्यावर बसतं. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे बघूनच बरं वाटतं, आणि त्यासाठी एक स्टार मी डोळे मिटून देतो.

आता माल. ठंडाई खरंच चांगली होती. बडीशेप, मिरी, खसखस, बदाम ताजे वाटलेले, साखर बेताची, दूध घट्ट. भांगेचा हिरवा गोळा परातीत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेला, दुकानदार विचारतो हल्का, मीडियम की स्ट्राँग आणि बोटाने तेवढा काढून दुधात कालवतो. मी हल्का सांगितला, त्याने बोराएवढी गोळी काढली. माझ्या मागच्याने मीडियम सांगितला, त्यालाही काढली ती मला तर तेवढीच दिसली. वजनकाटा नाही, चमचा नाही, सगळं बोटाच्या अंदाजावर. चव थोडी तुरट, ओल्या गवतासारखा वास, ग्लासच्या तळाशी हिरवा गाळ राहतो तो पिऊ नका. मला साधारण दीड तासाने जाणवायला लागलं, तोंड कोरडं, भूक मरणाची, गप्पा लांबत गेल्या, बाकी काही त्रास नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. बाकड्यावर कॉलेजची दोन पोरं बसली होती, एकाला तर मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं, वय कुणी विचारलं नाही. अर्ध्या तासात "कुछ हो ही नहीं रहा" म्हणत त्यांनी दुसरा ग्लास मागितला आणि दुकानदाराने निमूट दिला. अहो ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, पण पोटातून गेलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, लिव्हरमध्ये टीएचसीचं (म्हणजे भांग-गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) आणखी जोरकस रूप बनतं आणि मग ते तासन् तास उतरत नाही. म्हणजे दुसरा ग्लास घेताना पहिला अजून यायचाच असतो. मी पोरांना सांगितलं, एकाने ऐकलं, दुसऱ्याने पिऊन टाकला. हे सांगायचं काम गिऱ्हाइकाचं की लायसनवाल्याचं? भिंतीवर एक ओळीची पाटी लावायला किती खर्च येतो?

आणि कायदा बघा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, पानं त्यात येत नाहीत. म्हणून पानाची भांग काउंटरवर मिळते आणि त्याच झाडाचा फुलोरा खिशात सापडला तर गुन्हा, एक किलोच्या आतसुद्धा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आपल्या महाराष्ट्रात तर दारूबंदी कायद्यामुळे भांगही परवान्याशिवाय विकता-बाळगता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराकडे थोडासा गांजा सापडला, केस झाली, तारखा चालू आहेत, हातातली नोकरी गेली, आईवडील गल्लीत मान वर करून चालत नाहीत. त्या पोराचं गांजाने जेवढं वाटोळं झालं नसतं तेवढं केसने झालं असं मी ठामपणे म्हणतो. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये यावर अख्खा आयोग नेमला होता, गावोगावी साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की बेताने घेतलं तर फारसा अपाय नाही आणि सरसकट बंदीची गरजही नाही. एम्सच्या २०१९ च्या अहवालात भांग घेणारे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेणारे १.३ कोटी असा अंदाज आहे, एवढ्या लोकांना आत टाकणार आहात का?

माझं मत विचाराल तर गांजासुद्धा कायदेशीर करा, पण या दुकानासारखं नको. माझा मावसभाऊ कॅनडात ओंटारियोत राहतो, तिथे ऑक्टोबर २०१८ पासून विक्री कायदेशीर आहे. १९ च्या खाली दुकानात घेत नाहीत, खायच्या पाकिटात एकूण १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी चालत नाही, पाकिटावर आकडा छापलेला, इशारा छापलेला, पोरांना उघडता येणार नाही असं झाकण. आपल्याकडे वय मी २१ ठेवीन, कारण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका जास्त असतो हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत, आणि घरात असा आजार असेल त्याने तर कुठल्याच वयात हात लावू नये. पण हे नियम लावायचे तर आधी धंदा उजेडात पाहिजे, टपरीमागे पुडी विकणारा वय विचारणार आहे का?

म्हणून उघडपणाचा एक स्टार, ठंडाईचा एक, भाव वाजवी आणि ग्लास स्वच्छ धुतलेले म्हणून एक. कापलेले दोन वय न विचारल्याचे आणि डोसाचा पत्ता नसल्याचे.

जाणार असाल तर जेवून जा, हल्काच सांगा आणि गोळी किती काढतोय ते उभं राहून बघा. दोन तास दुसरा ग्लास नाही, वर दारू तर अजिबात नाही, आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. उरलेली गोळी किंवा भांगेची बिस्किटं बॅगेत टाकून महाराष्ट्रात आणू नका, तिथलं लायसन इथे चालत नाही.