हॅसलब्लाडचा जुना बॅक घेताय? आधी दोन्ही नंबर जुळवा

अर्धे पैसे आगाऊ, अर्धे पाठवायच्या दिवशी, वर 'नुकतीच सर्व्हिसिंग केलीय' म्हणून १० टक्के जादा. ११० टक्के मोजून हॅसलब्लाड कॅमेऱ्याचा ए-१२ बॅक, म्हणजे मागे लागणारा १२ फोटोंचा फिल्मचा डबा, आला, तो १२ पैकी ६ फोटोच धड काढतो. सातवा-आठवा एकमेकांवर ४ मिमी चढलेले, दहावा-अकरावा ९ मिमी.

व्हिडिओ पाठवला होता विकणाऱ्या पठ्ठ्याने. रोल सरकवायची क्रँक फिरतेय, शटर पडतंय, आकडा सरकतोय. अहो, रिकामा बॅक काय दाखवणार? ३५ मिमी फिल्मला कडेला भोकं असतात; दातेरी चाक दर फ्रेमला ८ भोकं, म्हणजे ३८ मिमी, ओढतं. या बॅकमध्ये लागतो तो १२० नावाचा रुंद रोल, त्याला भोकंच नाहीत. गुंडाळी जाड होते तसा एका फेऱ्यात रोल जास्त ओढला जातो, तो फरक सांभाळून दर वेळी ५६ मिमीची कोरी चौकट पुढे आणायचं काम बॅकमधल्या गिअरचं. ते झिजलेत हे कळतं रोल धुतल्यावर.

त्याच व्हिडिओत त्याने इन्सर्ट, म्हणजे रोल बसवायचा आतला भाग, बाहेर काढला होता. त्यावरचे तीन आकडे बॅकच्या बाहेरच्या कवचावरच्या नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळायला हवेत, कारखान्यातून जोडी तशीच येते. जुळत नव्हते! मी विचारलंही. "काही फरक पडत नाही हो, काम एकच." नंबर जुळत नसूनही नीट चालणारे बॅक असतात, हे खरं आहे, त्याच खऱ्याच्या आड तो लपला. मी काय डोळे मिटून पैसे दिले नव्हते.

धुतलेल्या, न कापलेल्या अख्ख्या रोलचा फोटो मागा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा.

परतीची मुदत ७ दिवस. रोल काढा, धुवायला द्या, निगेटिव्ह येईपर्यंत मुदत खलास. तक्रार विभाग म्हणतो, "वस्तू मिळाली ना? फोटो येतात ना?" मोजपट्टी ठेवून निगेटिव्हचे फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "हा कलात्मक परिणामही असू शकतो." पोलिसांत गेलो. साहेबांनी निगेटिव्ह उजेडात धरली, माणसं अशी काळी का दिसतात विचारलं, आणि कॅमेरा आलाच नसता तर गुन्हा नोंदवता आला असता म्हणाले. म्हणजे चोराने रिकामा खोका पाठवायला हवा होता!

घेण्याआधी विकणाऱ्याला जुना वाया गेलेला रोल घालून प्रत्येक फ्रेमची कड मार्करने आखायला लावा, समोर बसून; चौकटी एकमेकांवर चढतात का ते तिथेच दिसेल.

तोच माणूस आता ए-२४ बॅक 'दुप्पट फोटो' म्हणून विकतोय. तो २२० च्या रोलसाठी आहे, मागे कागद नसलेल्या, दुप्पट लांबीच्या. तसे रोल आता मिळणं मुश्कील. १२० चा घातलात तर फोटो १२ च.