कोकणातली खाचरं आणि सोलापूरची काळी रानं

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, सोलापुरात जेमतेम ५५० ते ७००. तरी उन्हाळ्यात टंचाई कोकणालाही चुकत नाही, कारण जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. तिथे खाचरात खरिपाचा भात: २१ ते २५ दिवसांची रोपं, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन. रोप जून झालं की फुटवे घटतात. उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत नाचणी.

सोलापूरची खोल काळी माती परतीच्या पावसाची ओल महिनोन्महिने सांभाळते. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, त्यावरच पिकतो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आधी पेरला तर खोडमाशीने पोंगेमर होते, म्हणजे रोपाचा मधला पोंगा सुकतो; उशीर झाला तर ओल हटते. पुढे बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाच्या ओळींमधून कोळपं (माती हलवायचं औजार) फिरवून त्या बुजवाव्याच लागतात, नाहीतर ओल उडून जाते. अशा कोरडवाहू रानात ऊस लावणं चूकच.